थुंकी नको, बेडका द्या

सकाळी साडेआठला लॅबचं शटर वर गेलं की पहिल्या पाच जणांत एक तरी डबीवाला असतोच, म्हणजे छातीतला कफ, बेडका, तपासायला डबीत घेऊन आलेला. परवाचे काका असेच, डबी उजेडात धरून मला म्हणाले, "ताई, पहाटे चारपासनं थुंकतोय, निम्मी भरली बघा." खरंच निम्मी भरली होती, पण वर फेस आणि खाली पाणी, म्हणजे निव्वळ लाळ. मी म्हटलं, काका, ह्यात तुमच्या तोंडात काय आहे ते कळेल, छातीत काय आहे ते नाही कळणार. ते चिडले, चिडणारच, चार तास बसले होते बिचारे, आणि डबी देताना त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, नुसतं "उद्या थुंकी घेऊन या" एवढंच. आणि थुंकी म्हटल्यावर माणूस थुंकणारच ना.

तर म्हणून हे लिहितेय. चौदा वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर काढलीत, डॉक्टर नाहीये मी, औषध कुठलं घ्यायचं ते मला विचारू नका, पण डबीत काय यायला पाहिजे आणि ते आमच्याकडे आल्यावर त्याचं काय होतं हे मी सांगू शकते.

आधी हे बघा की डबीची गरज आहे का. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, अंगात कणकण आहे, तर हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं, आठ-दहा दिवसांत जातं, खोकला मात्र मागे रेंगाळतो, कधीकधी दोन-तीन आठवडे सुद्धा, त्याला घाबरायचं नाही. ह्यात बॅक्टेरिया नसतो त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य आणि आमच्या तपासणीचाही शून्य. कफ हिरवा झाला म्हणून लोक धावत येतात, पण हिरवा रंग बॅक्टेरियाचा नसतो हो, आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं, त्या पेशी लढायला आल्या की कफ हिरवा दिसतो, मग समोर व्हायरस असो की आणखी कोणी.

डॉक्टर डबी आणायला सांगतात ते वेगळं चित्र दिसलं की. हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना बरगडीत सुई टोचल्यासारखं दुखणं, दम लागणं, कफात गंजलेल्या पत्र्यावरच्या पाण्यासारखा लालसर रंग, किंवा सर्दी-ताप बरा होत आला आणि चार दिवसांनी दुप्पट जोराने उलटला. त्यातही घरी गोळ्यांवर बरा होण्यासारखा साधा न्यूमोनिया असेल तर कल्चर (डबीतले जंतू प्लेटवर वाढवून ओळखणं) बऱ्याचदा करतही नाहीत, ते ठीकच आहे. ज्यांना ॲडमिट करायचंय, ज्यांची शुगर वाढलेली आहे, ज्यांना जुना दमा किंवा सिगरेट-बिडीने खराब झालेली फुप्फुसं आहेत, जे नुकतेच हॉस्पिटलमधून आलेत किंवा पहिल्या औषधाने बरे होत नाहीयेत, त्यांच्या डबीला खरी किंमत.

आता द्यायची कशी ते. डबी आदल्या दिवशीच लॅबमधून आणा, स्टराइल म्हणजे निर्जंतुक असते ती, तीच वापरायची. लोणच्याची बाटली धुऊन उकळून आणलेली मी पाहिलीय, मेहनत दिसते पण चालत नाही. आतून बोट लावायचं नाही, झाकण उलटं करून ओट्यावर ठेवायचं नाही. रात्री पाणी भरपूर प्या, कफ सुटायला मदत होते (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थात नाही).

सकाळी उठल्या उठल्याचा बेडका सगळ्यात चांगला, कारण रात्रभर छातीत साठलेला असतो. चहा नाही, नाश्ता नाही, आणि मावशी, मिश्री तर अजिबात नाही, मिश्रीचे काळे कण काचेवर इतके पसरतात की खालचं काही दिसत नाही. कवळी असेल तर काढून ठेवा. साध्या पाण्याने तीन-चार चुळा खळखळून भरा. साध्याच पाण्याने, बाटलीतला माउथवॉश किंवा बेटाडिनच्या गुळण्या करून आलात तर तोंडातल्या जंतूंबरोबर आम्हाला हवा असलेलाही मरतो.

मग अंगणात, गॅलरीत, गच्चीवर जा. मोकळी हवा पाहिजे आणि समोर कोणी नको, कारण काय उडणार आहे ते आपल्याला अजून माहिती नाही, टीबीसुद्धा असू शकतो, म्हणून बाथरूममध्ये दार लावून खोकायचं नाही आणि आमच्या काउंटरसमोर तर कृपा करून नाहीच. बसून थोडं पुढे वाका. खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद धरा, हळू सोडा. परत तसंच. तिसऱ्यांदा श्वास भरून पोटातून जोर लावून खोका, घशातलं खाकरणं नाही, खोकला, बरगड्या हलल्या पाहिजेत. जे वर येईल ते तोंडात घोळवायचं नाही, सरळ डबीत. नाकातलं मागे ओढून काढलेलं ते शेंबूड, ते बेडक्यात धरत नाहीत.

बरोबर आलाय की नाही हे घरीच कळतं. डबी तिरकी करा. लाळ पाण्यासारखी लगेच धावते, बेडका चिकट असतो, बुडाला धरून बसतो आणि मग सावकाश सरकतो. तेवढा एक चमचाभर पुरे झाला, डबी भरायची नाहीये. नाहीच येत असेल तर बळजबरी करू नका, गरम पाण्याने अंघोळ करून परत बघा, किंवा दवाखान्यात सांगा, तिथे मिठाच्या पाण्याची वाफ मशीनने देऊन काढता येतो.

झाकण घट्ट, नाव आणि वेळ डबीवर लिहायची, झाकणावर नाही, कारण झाकणं आम्ही काढतो आणि ती शेजारी शेजारी ठेवली की कोणाचं कुठलं. आणि दोन तासांच्या आत पोचवा. हे दोन तास खरंच महत्त्वाचे आहेत कारण न्यूमोनियाचा जो नंबर एकचा बॅक्टेरिया आहे, न्यूमोकॉकस, तो फार नाजूक प्रकृतीचा, स्वतःच स्वतःला विरघळवून टाकतो, आणि तोंडातले फालतू जंतू मात्र दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होत बसतात, मग गाडीच्या डिकीत उन्हात चार तास फिरलेल्या डबीत आम्हाला फक्त तेच सापडतात.

एक गोष्ट ह्या सगळ्याच्या वरची. डबी अँटिबायोटिकच्या आधी. पहिल्या गोळीच्या आधी.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय ते पण सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी सासऱ्यांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ताप आला, खोकला होताच. घरात पाकिटात ॲझिथ्रोमायसिन पडलेलं, तीन गोळ्यांचा कोर्स, सगळ्यांच्याच घरात असतो तसा. मी दिला. लॅबमध्ये दिवसभर लोकांना नको म्हणणारी मी, घरी मीच दिला. पाकिटावर उभी लाल रेघ असते ना, ती ह्याचसाठी असते की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ती रेघ मला दिसत नव्हती असं नाही. चौथ्या दिवशी आबा असंबद्ध बोलायला लागले, मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. दवाखान्यात नेलं तर एक्सरेत उजवीकडे खालचा भाग पांढरा, शुगर तीनशेच्या वर, ऑक्सिजन ९०. मग डबी दिली आणि रिपोर्ट आला, तोंडातले नेहमीचे जंतू, बाकी काही नाही. कुठला जंतू होता ते कळलंच नाही, डॉक्टरांना सगळं कव्हर होईल असं भारी इंजेक्शन अंदाजाने चालू करावं लागलं. आठ दिवसांनी घरी आले. आजही जेवताना कधीतरी म्हणतात, "सूनबाई, लॅब तुझी, डबी तुझी, आणि उशीरही तूच केलास."

पण उलटं पण ऐका, माणूस खूप आजारी असेल तर डबीसाठी औषध थांबवायचं नाही. बेडका येत नाही म्हणून तासन्तास बसून राहणं हा मूर्खपणा होईल. आला तर आला, नाही तर इंजेक्शन सुरू.

डबी आमच्याकडे आली की आधी त्यातला सगळ्यात घट्ट, पुवाळलेला भाग उचलून काचेवर पसरतो आणि ग्रॅम स्टेन करतो. ही युक्ती १८८४ ची, हान्स क्रिश्चियन ग्रॅम नावाचा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्या लोकांच्या फुप्फुसाचे काप रंगवून बघत होता, म्हणजे ही पद्धत जन्मलीच मुळी न्यूमोनियाच्या नादात. जांभळा रंग टाकायचा, आयोडीन टाकायचं, मग स्पिरिटने धुवायचं, काही जंतू जांभळे राहतात, काहींचा रंग उतरतो आणि ते नंतरच्या लाल रंगाने गुलाबी होतात. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की पद्धत अजून कच्ची आहे. १४० वर्षं झाली, आम्ही अजून रोज तेच करतोय.

काचेवर आधी जंतू बघत नाही, पेशी मोजतो. गालाच्या आतल्या पेशी मोठ्या, चपट्या, कडा दुमडलेल्या, तुटलेल्या पापडासारख्या दिसतात. छोट्या लेन्सखाली एका नजरेत त्या १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त असतील तर माल छातीतला. पापडच पापड दिसले तर लाळ, नमुना बाद, परत डबी. काकांचा राग ह्याच आकड्यांवर होता खरं तर.

मग मोठी लेन्स. जांभळे, जोडीजोडीने, टोकाला निमुळते, निरांजनाच्या ज्योतीसारखे आणि भोवती मोकळी जागा, तर न्यूमोकॉकस. दोन दिवसांत रक्त घातलेल्या प्लेटवर त्याच्या वसाहती येतात त्या मधे दबलेल्या, अगदी कॅरमच्या सोंगटीसारख्या, भोवती हिरवट कडा. जाड गुलाबी काठ्या दिसल्या तर मला क्लेबसिएलाचा संशय येतो, शुगरवाल्या आणि दारू पिणाऱ्या लोकांत हा फार, त्याची वसाहत चिकट लिबलिबीत, लूप (तारेचं बारीक कडं) लावून वर उचलला की गुलाबजामच्या पाकासारखी तार निघते. बारीक गुलाबी ठिपके-काठ्या म्हणजे बहुतेक हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. नावात इन्फ्लुएन्झा आहे पण फ्लू ह्याने होत नाही, १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला वाटलं होतं हाच फ्लूचा जंतू, फ्लू व्हायरसने होतो हे कळायला १९३३ उजाडलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. ह्याला वाढायला चॉकलेट अगार नावाची प्लेट लागते, त्यात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं, नवीन शिकाऊ पोरं दरवर्षी विचारतात. आणि हॉस्पिटलात बरेच दिवस राहिलेल्यांच्या डबीतून स्यूडोमोनास निघतो, प्लेट हिरवी आणि द्राक्षासारखा गोडसर वास, झाकण उघडायच्या आधीच कळतं.

एक कमी माहितीचा सांगून ठेवते, बर्कहोल्डेरिया. कर्नाटकची किनारपट्टी, उडुपी-मंगळूरचा भाग, तिथे भातशेतीच्या चिखलात असतो, पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या शुगरच्या पेशंटला न्यूमोनिया करतो आणि प्लेटवर स्यूडोमोनाससारखा दिसून फसवतो, औषध मात्र फार वेगळं आणि महिनोन्महिने चालणारं. म्हणून शेतात उतरत असाल, शुगर असेल, तर डॉक्टरांना ते सांगा, फॉर्मवर लिहा, आम्हाला शोधताना डोकं तिकडे वळवता येतं.

काही जंतू डबीतून आम्हाला दिसतच नाहीत. मायकोप्लाझ्माला बाहेरची भिंतच नसते, त्यामुळे ग्रॅमचा रंग धरत नाही, आणि पेनिसिलिन भिंतीवर काम करतं म्हणून तेही त्याच्यावर चालत नाही. शाळा-कॉलेजच्या पोरांना होतो, पोरगं फिरतंय, क्लासला जातंय आणि एक्सरे बघावा तर न्यूमोनिया. लिजिओनेलाचं तसंच, त्याला वेगळी प्लेट लागते. डांग्या खोकल्यालाही ही डबी नाही, नाकाच्या मागून स्वॅब. तेव्हा "काही सापडलं नाही" म्हणजे "काही नाही" असं समजू नका.

रिपोर्ट कसा वाचायचा, तर शक्यतो एकट्याने वाचू नका. "नॉर्मल फ्लोरा" म्हणजे तोंडातले नेहमीचे. "कॅन्डिडा" लिहून आलं की लोक गुगल करून घाबरून येतात, बेडक्यात ती बुरशी बहुतेक वेळा तोंडातलीच असते. जंतूचं नाव आलं तरी तोच आजाराचं कारण असेल असं नाही, जुन्या दमेकऱ्यांच्या छातीत काही जंतू भाडेकरूसारखे वर्षानुवर्षं राहतात, त्रास नसेल तर त्यांना हात लावत नाहीत. खाली औषधांची यादी असते, एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. एसच्या यादीतून स्वस्तातलं किंवा ओळखीचं निवडून मेडिकलवाल्याकडे जायचं नाही. काही औषधं प्लेटवर जंतू मारतात पण फुप्फुसात पोचतच नाहीत, ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

टीबीची डबी वेगळी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कफात रक्त, ह्यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात जा, तिथे फुकट आहे. दोन नमुने द्यायचे, एक तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी पहाटेचा. इथे अँटिबायोटिक चालू आहे म्हणून थांबायचं नाही, लगेच द्यायचा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर काही तासांत कळतं आणि टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालणार की नाही तेही कळतं, ट्रूनॅट तर आपल्या गोव्याच्या कंपनीचं. निघालाच तर औषधं फुकट आणि खाण्यापिण्यासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते, बँकेचं पासबुक घेऊन जा.

घशाचं थोडक्यात. ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याखाली गाठी दुखतायत आणि खोकला मात्र नाही, त्यात पोर ५ ते १५ वर्षांचं, तर घशाचा स्वॅब करून घ्या. हा स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर कोर्स पूर्ण करायचा, दोन दिवसांत बरं वाटलं तरी, कारण अर्धवट सोडला तर पुढे सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, मग दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. एक बरं आहे, ह्या जंतूला साधं जुनं पेनिसिलिन आजही लागू पडतं.

लहान बाळं बेडका काढू शकत नाहीत, गिळून टाकतात, त्यांच्यासाठी डबी विसरा आणि घड्याळ घ्या. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, रडताना नाही, अंगावरचं झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरून त्याच दिवशी दवाखाना. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणं म्हणतात, बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल, तर मोजत पण बसू नका, निघा. पोटावर बिब्बा, डाग, तापवलेला विळा असलं काही करायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी १९८८ पासून गावातल्या लोकांना नुसतं हे श्वास मोजणं आणि साधं अँटिबायोटिक देणं शिकवलं, आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं यंत्र केलं, दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि त्या गावांत न्यूमोनियाने मरणारी मुलं जवळपास निम्म्यावर आली. ना एक्सरे, ना माझी लॅब. आणि न्यूमोकॉकसची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, हिमोफिलसची पेंटा लसीमध्येच असते, कार्ड काढून बघा बरं दिलीय का.

मोठ्यांसाठी, मिनिटाला ३० च्या वर श्वास, ओठ निळसर, करोनातलं ऑक्सिमीटर ड्रॉवरमधून काढून सेल बदलून बघितलं आणि ९४ च्या खाली (बोटाला नेलपॉलिश, मेंदी नको), किंवा म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. म्हाताऱ्यांना न्यूमोनियात ताप येतोच असं नाही, आबांनाही चौथ्या दिवशी ताप नव्हता, म्हणून तर मी अर्धा दिवस आणखी घालवला.

कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळतो. बरं वाटायला लागलं की लोक तो न्यायला येत नाहीत, माझ्या कपाटात आत्ता दोन गठ्ठे पडून आहेत. न्या हो ते, पुढच्या वेळी आजारी पडलात तर डॉक्टर आधी तेच मागतील.